शाळेच्या थांब्यावरची कोंडी

आमच्या इमारतीत तिला सगळे ‘कंट्रोल’ म्हणतात. नाव मीच पाडलं. माझ्या धाकट्या भावाची बायको असल्यामुळे तिला ते निमूट चालवून घ्यावं लागलं. नणंदेशी भांडून जायचं कुठे, मी तर वरच्याच मजल्यावर राहते.

ती बसच्या कंट्रोल रूममध्ये कामाला आहे. समोर भिंतीएवढा पडदा, त्यावर शहरभरच्या बसगाड्या हिरव्या ठिपक्यांसारख्या सरकत असतात. प्रत्येक टेबलाकडे ठरावीक मार्ग दिलेले. गाडी थांब्यावर ठरल्यापेक्षा जास्त वेळ उभी राहिली की ठिपका लाल होतो, आणि मग हिनं वायरलेस उचलून ड्रायव्हरला विचारायचं, “गाडी अमुक अमुक, का थांबलात?” तो सांगेल ते कारण पडद्यावर टाकायचं. कारणंही आधीच ठरलेली. कोंडी, बिघाड, अपघात, प्रवाशांची चढउतार. मनानं काही लिहायची सोय नाही.

माझा भाऊ चालवतो ती एकोणचाळीस नंबरची गाडी हिच्याच टेबलाकडे येते. मी म्हणायचे, “जगातल्या बायका नवरा कुठे आहे ते विचारून विचारून थकतात, आणि तुला ते बघायचा पगार मिळतो.”

ती म्हणायची, “वन्सं, बघण्यासारखं असतं तर मीच पैसे भरले असते.”

अशी होती ती. तोंडाला तोंड देणारी. वायरलेसवर नियम असा की सगळ्यांनी सगळ्यांना ‘तुम्ही’ म्हणायचं. घरात “अगं, माझे मोजे कुठे टाकलेस” म्हणून घर डोक्यावर घेणारा माझा भाऊ तिथं “होय मॅडम, निघालो मॅडम” करायचा. ते ऐकायला म्हणून मी बाजाराला जाताना मुद्दाम त्याच्याच गाडीत, पुढच्या सीटवर बसायचे.

गाडीत आणखी एक बाई आहे. दिसत नाही, नुसती बोलते. आपोआप थांबे सांगणारं मशीन बसवलं तेव्हापासूनची. आवाज असा गोड की साखर खाऊन आल्यासारखी. पहिल्या दिवसांत तिनं जी गंमत केली ती काय सांगू. थांबा आला की आमच्या म्हाताऱ्या पिशव्या सावरत उठायच्या, तेवढ्यात बाई म्हणायची, “पुढील थांबा, दवाखाना.” त्यातलं ‘थांबा’ ऐकून बिचाऱ्या परत खाली बसायच्या. एवढ्या अदबीनं कुणी थांबा म्हटलं तर काय करणार. दवाखाना मागं जायचा आणि मग गाडीत ओरडा. शेवटी माझा भाऊ मान वळवून सांगायचा, “आजी, ती तुम्हाला नाही म्हणत. उतरा तुम्ही.”

त्या थांब्यांमध्ये एक शाळेचा थांबा आहे. आमची बबडी तिथून चढायची. माझी भाची, या दोघांची एकुलती एक. शाळा सुटली की सगळी मुलं थांब्यावर हजर, आणि बबडी सगळ्यात शेवटी. बुटाची नाडी सुटलेली, दप्तराची चेन उघडी, मैत्रिणीशी अर्धं बोलणं बाकी. बापाची गाडी म्हटल्यावर घाई कशाला. तो दार उघडं ठेवून आरशात बघत बसायचा. ठिपका लाल व्हायचा. वायरलेसवर आई विचारायची, “एकोणचाळीस, का थांबलात?” आणि तो गंभीर आवाजात सांगायचा, “प्रवासी येतोय, मॅडम.” आईला काय ते कळायचं. तेवढ्यात प्रवासी धापा टाकत चढायचा आणि गाडी निघायची. पुढच्या थांब्यापर्यंत ठिपका परत हिरवा.

मागच्या वर्षी बबडी गेली. ताप आला, तो मेंदूत गेला, आठवडाही लागला नाही. यापुढे त्याबद्दल मी लिहिणार नाही.

मग दोघांचं बोलणं बंद झालं. भांडण नाही. भांडण असतं तर मला आवडलं असतं, मी मधे पडले असते, दोघांना चार शब्द सुनावले असते. इथं तसलं काही नव्हतं. तो यायचा, जेवायचा, ताट धुवायचा. ती यायची, जेवायची, ताट धुवायची. मी खाली गेले की दोघं माझ्याशी बोलायचे, अगदी नीट. पाणी आलं का, लिफ्ट दुरुस्त झाली का. एकमेकांना काही सांगायचं असलं तर तेही माझ्याकडे बघून सांगायचे. मी एकदा म्हटलं, “मी काय पोस्टाचा डबा आहे का?” दोघंही हसले नाहीत. ती म्हणाली, “बसा वन्सं, चहा करते.” चहा केला आणि त्यात साखर टाकायची राहिली. आम्ही तिघांनी तो तसाच प्यायला.

आता बोलणं बंद म्हणते खरं, पण दिवसातून एकदा ते दोघं बोलत होते. कुठे, ते मला गाडीत बसून कळलं.

दुपारची वेळ होती. शाळा सुटलेली. गोड बाईनं शाळा आली म्हणून सांगितलं, मुलं चढली, थांबा रिकामा झाला. भावानं दार बंद केलं नाही. हात स्टिअरिंगवर, डोळे आरशात. चेहऱ्यावर काही नाही. वाट बघणाऱ्या माणसाचा चेहराही असा नसतो, वाट बघणारा निदान चुळबुळ करतो.

मागून एक पेन्शनर म्हणाले, “अहो ड्रायव्हरसाहेब, झोप लागली की काय?”

मी वळून म्हटलं, “काका, तुम्हाला कुठे जायचंय?”

“घरी.”

“घरी कोण वाट बघतंय?”

“कुणी नाही.”

“मग बसा की. इथं निदान माणसं आहेत.”

काका मागे टेकून बसले. मला वाटतं त्यांना रागही आला नाही.

तेवढ्यात वायरलेस खरखरला. आमच्या कंट्रोलचा आवाज. “एकोणचाळीस, का थांबलात?”

“प्रवासी येतोय, मॅडम.”

मग, “ठीक. पुढे चला.”

त्यानं दार लावलं, गाडी निघाली. एवढंच. मी हातातली पिशवी घट्ट धरून बसले. बाजार मागं गेला तरी उतरायचं लक्षात आलं नाही.

संध्याकाळी खाली गेले. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मी विचारलं, “रोज हेच चालतं?”

“रोज.”

“आणि तू कारण काय टाकतेस?”

“कोंडी.”

“त्या रस्त्यावर मांजर आडवं जात नाही गं. कोंडी कुठली?”

तिनं एक टॉवेल घडी करून पुन्हा उलगडला. मग सगळं सांगितलं, रेल्वेचं वेळापत्रक वाचून दाखवावं तशा आवाजात. चढउतार टाकता येत नाही, कारण दारावर माणसं मोजणारं यंत्र आहे, कुणी चढलं नाही हे त्याला कळतं. बिघाड टाकला तर गाडी कारखान्यात ओढून नेतात. काहीच टाकलं नाही तर ड्रायव्हरची चूक धरतात, आणि तशा चुका साठल्या की त्याला त्या मार्गावरून काढून दुसरीकडे पाठवतात. दुसरा मार्ग म्हणजे दुसरं टेबल. कोंडी टाकली की कुणाचीच चूक नसते.

“म्हणजे त्याची ही एकोणचाळीसची लाईन वाचावी म्हणून,” मी म्हटलं.

“लाईनचं काय, वन्सं,” ती म्हणाली. “कुठलीही चालवतील. पण मग मी त्यांना काय विचारणार?”

यावर मला टोमणा सुचला नाही. मला. इमारतीत कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही.

तर अशी ती रोज कोंडी टाकत राहिली, आणि इथं कंट्रोल रूममधल्या मशीननं आपली अक्कल चालवली. त्या मशीनचं काम नुसते ठिपके दाखवायचं नाही. कुठे रोज उशीर होतो ते बघून ते वेळापत्रकही नवीन करतं. शाळेच्या थांब्यावर दुपारी रोज न चुकता कोंडी होते, हे त्यानं मनावर घेतलं. साहेबांनी कंट्रोल रूममध्ये सगळ्यांना उभं करून सांगितलं, “बघा, आपल्याला इतकी वर्षं ही कोंडी दिसली नव्हती. मशीननं शोधली.” टाळ्या झाल्या. हिनंही वाजवल्या म्हणे.

नव्या वेळापत्रकात एकोणचाळीस नंबरच्या दुपारच्या फेरीला शाळेपाशी थांबायला जादा वेळ मिळाला. रीतसर, मंजूर. आता ठिपका लाल होणार नव्हता. आणि लाल झाला नाही तर वायरलेस उचलायचं कारण नाही. तिनं हे मला जिन्यात सांगितलं, हातात दुधाची पिशवी होती. मी म्हटलं, “मग उगीचच उचल.” ती म्हणाली, “सगळं रेकॉर्ड होतं, वन्सं.” आणि दार लावून घेतलं.

नव्या वेळापत्रकाच्या पहिल्या दिवशी मी गाडीत होते. बाजारात काही काम नव्हतं.

गोड बाई म्हणाली, “पुढील थांबा, शाळा. ही गाडी या थांब्यावर काही वेळ थांबेल.”

हे नवीन होतं. भावाला आधी कुणी सांगितलं नव्हतं, निदान त्याच्या मानेवरून मला तसं वाटलं. त्यानं गाडी लावली. दार उघडलं. मुलं चढली. त्यानं आरशात बघितलं. गाडीतली माणसं आरामात बसलेली, कुणी मागून बोललं नाही, सगळ्यांना सांगूनच ठेवलं होतं ना थांबणार म्हणून. पेन्शनर काकांनी तर चष्मा काढून पुसायला घेतला.

भावानं दार लावलं आणि गाडी काढली.

पुढच्या वळणाच्या आत वायरलेस वाजला. गाडी उशिरा असली की लाल, वेळेआधी निघाली की पिवळा, आणि पिवळ्यालाही विचारावं लागतं. हे मला नंतर कळलं.

“एकोणचाळीस, का थांबला नाहीत?”

त्यानं बटण दाबलं. पुढे सिग्नल लागला. गाडी उभी राहिली.

“कुणी येत नाहीये, मॅडम,” तो म्हणाला.

मला वाटलं लाईन तुटली. मग ती म्हणाली, “ठीक. पुढे चला.” रोज म्हणायची तसंच. सिग्नल सुटला. दवाखाना आला. म्हाताऱ्या उतरल्या, आता त्या फसत नाहीत.

संध्याकाळी मी खाली गेले, ताट द्यायचं निमित्त करून. दोघं जेवत होते. मी खुर्ची ओढून बसले, मला कुणी बस म्हणायची गरज लागत नाही.

मग भाऊ म्हणाला, “मी मार्ग बदलून मागतो.” माझ्याकडे बघून नाही. तिच्याकडेही नाही, पाण्याच्या तांब्याकडे बघून. पण बोलला तिच्याशी.

“मागा,” ती म्हणाली.

“विमानतळाचा मिळेल. सरळ रस्ता आहे.”

“तो माझ्या टेबलाकडे येत नाही.”

“माहितीये.”

तिनं भाकरी मोडली आणि तशीच धरून ठेवली. “मग तिकडे कुठे थांबलात तर मला कळणार नाही.”

“घरी विचार,” तो म्हणाला.

‘विचार’ म्हणाला, ‘विचारा’ नाही. तिनं मान वर केली. मी नेमकी अशा वेळी काहीतरी बोलते, त्या दिवशी भावाच्या ताटातला घास उचलून तोंडात कोंबला.

तिनं त्या रात्री काहीच विचारलं नाही. ताटं उचलली. त्यानं पुसली.

मार्ग बदलून मिळायला काही आठवडे गेले. तेवढे दिवस तो शाळेपाशी मुलं चढली की निघायचा आणि पिवळा व्हायचा, आणि ती विचारायची. मग विमानतळाची गाडी सुरू झाली. मी त्या गाडीत बसत नाही, मला विमानतळावर कोण नेतंय. पण परवा संध्याकाळी खाली गेले तर ती भाजी निवडत होती, तो बूट काढत होता, आणि ती म्हणाली, “आज कुठे थांबलात?”

“पुलावर,” तो म्हणाला. “टायर बसला.”

“बराच वेळ?”

“बराच.”

ती बरं म्हणाली आणि भाजी निवडत राहिली.