नाकावरचा पदर

सरोजिनी बार्शीकडची, लिंगायत घरातली. अंडंसुद्धा कधी उंबरठ्याच्या आत आलं नव्हतं, आणि नर्सबाई म्हणून तिची नेमणूक झाली कुठं, तर वसईच्या पाचूबंदरला, कोळीवाड्यात! चौऱ्याण्णव साल होतं. विरारच्या फ्लॅटमधून निघून ती उपकेंद्र उघडायची, लशीचा डबा मांडायची आणि दुपारपर्यंत माश्या मारत बसायची. एक बाई पोर घेऊन येईल तर शपथ.

हिवाळ्यात शेजारच्या पाड्यात गोवर शिरला आणि तिची झोपच उडाली. पाचूबंदरची बाळं अजून लशीवाचून होती. ती तडक किनाऱ्यावर गेली. तिथं रोझी बोंबील सुकत घालत बसली होती. कोळणी तिच्या शब्दाबाहेर नव्हत्या.

रोझीनं मान वर न करताच सुनावलं, "बाय, तू गल्लीत शिरली का तुजा पदर नाकाला. आमचा वास तुला सोसत नाय, मंग आमची पोरां तुज्या हातात कशाला देव?"

सरोजिनीची कानशिलं तापली. मळमळ तिची होती, पण अपमान या सगळ्याजणींचा झाला होता, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता! तिला स्वतःचीच भयंकर लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी तिनं पदर कमरेला खोचला आणि थेट वाळूत बसकण मारली. वास नाकात भरला. तरी ओले बोंबील उचलले, रोझीसारखी जबड्यात जबडा अडकवून जोडी केली आणि मासळी सुकवायच्या आडव्या बांबूंवर, वलांडीवर टाकली. जोडी सुटून धप्पकन खाली! बायका पोट धरून हसल्या. तीही हसली, आणि पुन्हा बोंबील उचलले. असे कितीतरी दिवस गेले.

एका सकाळी रोझी नातवाला घेऊन आली. "हा आमचा ब्रायन. आधी हात धू, मंग टोच."

तिच्यामागे रांगच लागली. किनाऱ्यावर पोरांच्या रडण्याचा नुसता कल्लोळ, आणि सरोजिनीला तो सनईसारखा गोड वाटत होता. त्या वर्षी पाचूबंदरात गोवर शिरलाच नाही. मासा मात्र तिनं जन्मात खाल्ला नाही; रोझी तिच्यासाठी चहा-पाव ठेवायची.

एकदा नवरा, प्रल्हाद, तिला न्यायला आला. वलांडीजवळ पोचताच त्याचा रुमाल नाकाला गेला.

"अहो, तो रुमाल आधी खिशात घाला," सरोजिनी कडाडली. "माझ्या माणसांत आलाय तुम्ही!"

प्रल्हादनं रुमाल खिशात घातला. रोझीनं ब्रायनला त्याच्या कडेवर दिलं.