नारायणगावच्या वेलांटीबाई

नारायणगावच्या बाजारपेठेत नवी पाटी लागली की दुकानदाराला गिऱ्हाइकाआधी वेलांटीबाईंची धास्ती असायची. बाई आपल्या टायपिंग क्लासकडे निघालेल्या असायच्या. पाटीसमोर थांबायच्या, चष्मा नीट करायच्या आणि आत जाऊन शांतपणे सांगायच्या, "शेट, किराणातल्या 'कि'ला पहिली वेलांटी पायजे. तुमच्या पेंटरनं दुसरी काढलीया." एका जैन कापडवाल्यांनी तर नंतर नंतर पाटी रंगवायच्या आधी मजकुराचा कागदच त्यांच्याकडे पाठवायला सुरुवात केली. बाईंचं खरं नाव क्लासच्या प्रमाणपत्रापुरतंच उरलं होतं.

गंमत म्हणजे बोलताना त्या अगदी आमच्याकडचं बोलायच्या. 'व्हतं', 'न्हाई', 'लई'. लिहिताना मात्र एक मात्रा इकडची तिकडे होत नसे. क्लासमधल्या एका मुलीनं यावरून त्यांना छेडलं, तेव्हा म्हणाल्या, "बोलणं माझ्या आईचं हाय, ते मी कशाला बदलू? पण कागद समद्यांचा असतो."

माझी त्यांची ओळख झाली ती माझी दृष्टी गेल्यावर. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना डोळ्यांचा पडदा खराब होत गेला आणि वर्षभरात सगळं अंधारलं. मोबाईल बोलून दाखवतो हे कळल्यावर मी पुन्हा उभारी धरली. सरकारी नोकरीच्या परीक्षेला बसायचं ठरवलं. मैत्रिणीनं पुस्तकं स्कॅन करून पाठवली आणि तिथंच गाडं अडलं. मेसेज घडाघडा वाचणारा मोबाईल त्या पानांवर आला की मुका व्हायचा. त्याच्या लेखी ती पानं म्हणजे नुसते फोटो होते.

आमच्या पिंपरी पेंढार गावाहून आई मला घेऊन बाईंच्या क्लासमध्ये गेली. आईनं सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, "मला यातलं काय ठाऊक न्हाई. आठ दिवसांनी या." साठीला टेकलेली ही बाई आठ दिवसांत फोटोतली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर शोधून, शिकून बसली होती.

पहिलं पान ऐकलं तेव्हा मी पोट धरून हसले. 'भारत'चं 'मारत' झालं होतं, 'घर'चं 'धर' आणि 'खेड'चं 'रवेड'. लहानपणापासून अक्षरं पाहिलेली असल्यामुळे मशीन कुठं फसलं ते मला लगेच कळत होतं. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मशीनला अक्षर दिसतंय गं, मराठी कुठं येतंय? ते आपल्यालाच बघावं लागणार."

आणि त्यांनी ते बघितलं. छापील पुस्तकावर ओळीखाली फूटपट्टी ठेवायची, पडद्यावरची तीच ओळ वाचायची, चूक दुरुस्त करायची, पट्टी खाली सरकवायची. अशी त्यांनी माझी अख्खी पुस्तकं केली. 'बाई, एवढं बारीक नका बघू, अर्थ कळतो मला,' असं मी एकदा म्हणाले. त्यावर त्यांचा आवाज चढला. "डोळसांना शुद्ध आणि तुला चालवून घेण्यासारखं? का म्हणून?"

परीक्षेला चार दिवस उरले होते. दुपारी दारात बाईंचा आवाज आला. आळेफाट्याला जीप बदलून, कायद्याचं जाडजूड पुस्तक पिशवीत घालून त्या आमच्या घरी आल्या होत्या. पाणी घ्यायच्या आधीच म्हणाल्या, "शैला, माझ्याकडून लई मोठी चूक झाली. दोन ठिकाणी 'नाही' गेलंय."

पुस्तक जाड असल्यामुळे शिवणीजवळची अक्षरं स्कॅनमध्ये वाकली होती. ओळीच्या टोकाचा 'नाही' मशीननं गिळला आणि बाईंच्याही नजरेतून सुटला. ज्याची परवानगी नाही, ते करता येतं असंच मी पाठ करून बसले होते. बाईंनी ओट्यावर बसून दोन्ही वाक्यं वाचली आणि माझ्याकडून तीन-तीनदा म्हणून घेतली.

आई म्हणाली, "अहो बाई, एवढ्यासाठी आलात? फोनवर सांगायचं की!"

"आन् फोनवर 'नाही' ऐकू आलं न्हाई तर?"

परीक्षेत त्या वाक्यांवर प्रश्न आलाच नाही. तसं मी त्यांना सांगितलं, तेव्हा म्हणाल्या, "न्हाई तर न्हाई. पण चुकीचं डोक्यात राहिलं असतं ना."

पास झाले. मुलाखत झाली. मग कित्येक महिने काहीच कळेना. शेवटी एकदा कार्यालयाकडून ईमेल आला. खाली एक फाइल जोडलेली, तीही स्कॅन केलेला कागद. मोबाईल गप्प. आयुष्याचा निकाल हातात होता आणि मला तो कळत नव्हता. आईला वाचता येत नव्हतं. ती शेजाऱ्यांना बोलवायला उठली होती, पण मी फाइल बाईंना पाठवली.

अर्ध्या तासानं त्यांचा फोन आला. आवाज अगदी कोरडा. "पाठवलंय. ऐक."

"बाई, काय आहे ते सांगा ना!"

"तुझं पत्र हाय. तूच वाच." फोन बंद.

मला वाटलं, नकारच असणार. त्यांनी टाइप करून पाठवलेली फाइल उघडली आणि मोबाईल आपल्या सपाट आवाजात वाचू लागला, 'आपली निवड झाली असून...' मी आईला मिठी मारली.

मग बाईंना फोन लावला. आता त्या रडत होत्या. म्हणाल्या, "माझ्या दादांना, म्हंजे वडलांना, आधी वाचता येत न्हवतं. पत्र आलं की ज्याच्याकडं वाचायला न्यायचे, त्याला आमच्या घरातलं आमच्याआधी कळायचं. धर्मांतरानंतर विहारातल्या वर्गात दादा बाराखडी शिकले. स्वतःच्या नावाचं पत्र पहिल्यांदा स्वतः वाचलं, त्या दिवशी घरात गोड केलं व्हतं. तुझं पत्र मी आधी कसं सांगू?"

दोन वर्षांनी बाई गेल्या. आजार फार लांबला नाही. मी पोचले तेव्हा त्यांच्या लेकीनं माझा हात धरून त्यांच्या हातावर ठेवला. घरात त्रिसरणाचं पठण चालू होतं.

मी आता जुन्नरच्या एका कार्यालयात आहे. माझ्या टेबलावरून ईमेलनं जाणारं प्रत्येक पत्र मोबाईलला वाचता येईल असंच जातं. नुसता फोटो मी जाऊ देत नाही, आणि पाठवण्याआधी प्रत्येक ओळ ऐकते. सुरुवातीला सहकारी कुरकुरायचे. "मॅडम, कोण ऐकत बसणार आहे?"

गेल्या महिन्यात आणे गावाहून एका गृहस्थांचा फोन आला. "मॅडम, साखरेनं डोळं गेलं माझं. तुमच्या हापिसाचं पत्र आलं व्हतं. मोबाईलनं समदं वाचून दावलं. कुणाला इचारावं लागलं नाय. एवढंच सांगायचं व्हतं."

मी त्यांना धन्यवाद म्हटलं. फोन ठेवला आणि ही बातमी सांगायला बाईंचा नंबर लावला. लेकीनं "हॅलो" म्हटलं, तेव्हा भानावर आले.