रागाचे तीस चिंचोके

पोत्याला हात लावला की ते किती वापरलेलं आहे आणि त्याचे किती मिळतील, हे मी सांगू शकतो. जामुलच्या कारखान्याची सिमेंटची रिकामी पोती उचलायची, झटकून, रफू करून दुर्गच्या धान्य व्यापाऱ्यांना विकायची, हा माझा धंदा. तो मी स्वतःच्या हिमतीवर उभा केला. कुणी दिला नाही. द्यायला हवं होतं ते ज्याला मिळालं त्याने एकट्यानेच ठेवलं.

तेही सांगून टाकतो. वडील चरोद्याच्या रेल्वे यार्डात नोकरीला होते. नोकरीत असतानाच गेले आणि त्यांच्या जागी एका मुलाला घेणार होते. दादा मोठा, दादा लागला. मला म्हणाला, "तुले मी सांभाळतो." वर्षभरात त्याचं लग्न झालं आणि रेल्वेच्या दोन खोल्यांत मला जागा उरली नाही. मी सतरा वर्षांचा होतो. त्यानंतर एकोणीस वर्षं मी त्याची पायरी चढलो नाही.

कॅम्प-१ नावाच्या वस्तीत आमचं भाड्याचं घर होतं. पोती अंगणात पडायची. पाऊस आला की अर्धा माल घरात आणि आम्ही चौघं त्या मालावर. म्हणून बाजारातला एक गाळा मी हेरून ठेवला होता. मालकाला पगडी तीन हजार हवी होती. घासाघीस करून मी पैसे कमी करवू शकलो नाही, पण मुदत मिळवली: पुढच्या पाडव्याआधी पूर्ण रक्कम, एक रुपया कमी असेल तर गाळा दुसऱ्याला.

पाडवा होऊन आठ दिवस झाले असतील. बायको दुपारी वर्षाची चिंच फोडत बसली होती. मी गाळ्याची गोष्ट सांगितली. तिने हात पुसले, खडूने फरशीवर बारा घरं आखली आणि चिंचोक्यांचा ढीग पुढे ओढला.

"एक चिंचोका दहा रुपये," ती म्हणाली. "वर्षाचे तुमी किती आणता?"

"महिन्याला सहाशे धर."

तिने सातशे वीस चिंचोके मोजले. त्यातले तीनशे उचलून डब्यात टाकले आणि झाकण लावलं.

"हे काय?"

"गाळा."

"अगं, उरले तर बाजूला ठेवतात! आधीच काढून घेतलेस तर खाणार काय?"

"कावून ओरडून राहिले? उरलेल्यात वर्ष बसवून राहिली ना मी."

आणि तिने ते बसवलं. चैत्राच्या घरात मोठा ढीग, कारण गहू, तूर, मिरची, हळद तेव्हाच भरायची. आषाढात पोरांची पुस्तकं. श्रावणात कमी, कारण तिचे उपास जास्त. भाद्रपदात माझी मावशी येते आणि पंधरा दिवस राहते, तिचा चहासुद्धा तिने धरला होता. मी आयुष्यभर भाव केले, पण ते समोर असलेल्या वस्तूचे. ही बाई अजून न आलेल्या दिवसांचा भाव ठरवत होती आणि तिचा हात कुठे अडत नव्हता.

शेवटी प्रत्येक घराचे चिंचोके तिने फडक्यात बांधले आणि पुरचुंड्या खिळ्यांना टांगल्या. मी मोजल्या. चौदा भरल्या.

"अधिक महिना तीन वर्षांतून एकदा येते," मी म्हणालो. "तुझ्याकडं एकाच वर्षात दोन?"

"येतील तवा दिसतील."

वर्ष सुरू झालं. महिन्याचे पैसे आले की आधी डब्यात नोटा जायच्या आणि तेवढे चिंचोके बाहेर यायचे. मग त्या महिन्याची पुरचुंडी सुटायची. त्या दोन जास्तीच्यांपैकी एक मात्र अधूनमधून कधीही सुटताना मला दिसायची. बायको गुपचूप एक-दोन चिंचोके काढायची. मी मनात ठरवलं, हे माहेरी जात आहेत. पण पुरावा नव्हता, म्हणून गप्प होतो. माझ्यासारख्याला गप्प राहणं किती जड जातं ते मलाच ठाऊक.

माघात मी घोळ केला. जामुलच्या गोदामावरच्या बाबूने फाटकी पोती चांगल्या पोत्यांत मिसळून दिली. ती मी त्याच्याच टेबलावर आपटली आणि शिव्या दिल्या. त्याने त्या महिन्याचा माल दुसऱ्याला दिला. अडीचशे रुपये गेले. घरी येऊन मी त्या बाबूचा उद्धार करत होतो, तर ही उठली आणि ती पुरचुंडी काढून मोजू लागली.

मग मी फुटलो. "कोणाचे आहेत ते? माहेरचे का?"

तिने वर पाहिलं. "तुमच्या रागाचे आहेत."

"काय?"

"वर्षाले तीस लागतात. मी दहा वर्षं पाहून राहिली. आषाढात सहा कपबशा फोडल्या, एक. श्रावणात किराणावाल्याच्या अंगावर डाळ फेकली, तवापासून तेल लांबच्या दुकानातून महाग आणतो, त्याचे सहा. बसच्या कंडक्टरशी भांडून पोत्यांसकट मधेच उतरले, टेम्पो केला, तीन. दिवाळीत शिंप्याच्या तोंडावर सदरा फेकला, दुसरीकडे शिवला, चार. स्टोव्हले लाथ, दोन. शेजारणीले बोलले, तिच्या घरी मी लाडू नेऊन दिले, दोन. अठरा झाले. बारा उरले."

मी खाली बसलो. ती एकही घटना विसरली नव्हती आणि एकीबद्दलही तिने मला टोमणा मारला नव्हता. गहू किती लागेल तसा माझा राग किती लागेल, हे तिने चैत्रातच मापून ठेवलं होतं. अंदाज किती अचूक असावा! मी पोती पारखतो म्हणून मिरवणारा. तिच्यासमोर मला स्वतःचीच किंमत पहिल्यांदा कळली, वर्षाला तीनशे रुपये.

"जामुलचं एवढं मोठं मी धरलं नव्हतं," ती म्हणाली. "पंचवीस गेले. चहा गुळाचा करू, तेल कमी करू, त्यातून तेरा काढते. बाकी बारा हेच. पण आता पाडव्यापर्यंत तुमच्या रागाले एकही शिल्लक नाही. एक गेला तर गाळा गेला."

"ती दुसरी पुरचुंडी आहे ना."

"ते वीस तुमच्या दादाच्या पोरीच्या लग्नाचे आहेत."

"कोणतं लग्न?"

"फाल्गुनात होईल. बाजारात जाऊबाई भेटतात मले. पोरीसाठी पितळेचे भांडे घेऊन राहिल्या होत्या मागच्या वर्षी."

मी मोठ्याने बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. बारा चिंचोके पुरचुंडीतून डब्यात पडल्याचा आवाज मी ऐकला.

आठच दिवसांत पत्रिका आली.

चरोद्याच्या कॉलनीत मांडव होता. साडी आणि हंडा घेऊन आम्ही गेलो. दादा जाडा झाला होता. मला पाहून लांबूनच ओरडला, "या बे पोतेवाले! मले वाटलं बायकोलेच पाठवते का काय!" मी हसलो. ते जमलं. पण पंगतीत तो वरपक्षाच्या लोकांना घेऊन माझ्या पानासमोर उभा राहिला आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "हा माहा लहान भाऊ. बाप गेला तवापासून मीच याले वाढवलं, धंद्याले लावलं."

कान गरम झाले. हाताशी पाण्याचा लोटा होता, भरलेला. एकोणीस वर्षांचं उत्तर जिभेवर तयार होतं आणि ऐकायला सगळी पंगत होती. बायको समोरच्या रांगेत खाली मान घालून जेवत होती. ती माझ्याकडे पाहत नव्हती. तिला जे करायचं ते तिने चैत्रातच केलं होतं. आता उरलेलं माझ्याकडे होतं.

मी पानातली बुंदी एकेक दाणा उचलून खाल्ली. कितवा दाणा होता माहीत नाही, दादा पुढच्या पानावर गेला होता.

पाडव्याच्या दोन दिवस आधी आम्ही डबा रिकामा केला. तीन हजार. वर एक रुपया नाही, खाली एक रुपया नाही. मालकाने दोनदा मोजले आणि किल्ली दिली. रिकाम्या गाळ्यात बायको मधोमध उभी राहिली, छपराकडे पाहिलं आणि म्हणाली, "गळत नाही." तीनशे पासष्ट दिवस तिने दुरून पाहिले होते आणि जामुलचं सोडलं तर ते सगळे तिने पाहिले तसेच आले होते, मी धरून.

दादाची नोकरी अर्धी माझी होती, हे माझं म्हणणं आजही कायम आहे. पावसाळ्याच्या तोंडावर तो गाळ्यात आला. तांदूळ भरायला दहा पोती हवी होती.

"भावाले कितीले देतो बे?"

मी आवाज चढवला नाही. बाजारात चालला होता तोच भाव सांगितला, आणि पैसा कमी केला नाही.