पासलीच्या उतारावरची बर्गंडी

मुस्यू बेर्त्रां यांनी पासलीच्या उतारावरची चिमूटभर माती उचलली, बोटांत चुरडली आणि तोंडात टाकली. मग डोळे मिटून ती चघळत उभे राहिले.

ती जमीन कसणारा धोंडिबा माझ्याजवळ सरकला. "दादा, सायबाला डोहाळं लागल्यात व्हय?"

"धोंडिबा, गप!" रावसाहेब म्हणाले. जमीन त्यांची होती.

"काय म्हणतो तो?" मुस्यूंनी इंग्रजीत विचारलं.

"आपली प्रकृती विचारतो," मी म्हणालो.

गोष्ट दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची. मी पुण्याच्या एका दैनिकात बातमीदार होतो. भोरचे एक रावसाहेब पासलीच्या डोंगरात फ्रेंच द्राक्षं लावणार आणि ती जागा पाहायला मुंबईहून एक फ्रेंच व्यापारी येणार, एवढं संपादकांना कळलं होतं. त्यांनी मला बोलावलं.

"बातमी द्राक्षांची लिहा. पेयाची नको. आपलं पत्र दारूबंदीचं आहे."

"पण द्राक्षं पेयासाठीच आहेत."

"ते वाचकाला कळेल. आपण सांगू नये."

रावसाहेब पहिल्या महायुद्धात लष्कराच्या हिशेबखात्यात फ्रान्सला होते. एक हिवाळा त्यांनी बर्गंडीत काढला. बर्गंडी हा फ्रान्सच्या पूर्वेकडचा वाइनचा प्रांत. परत आल्यापासून त्यांना भोरच्या आसपासचा प्रत्येक डोंगर बर्गंडीसारखा दिसू लागला. सगळ्यांत जास्त पासलीचा, कारण तो त्यांच्या मालकीचा होता.

या उताराला गावात वरकस म्हणत. वर नाचणी, खाली भाताची खाचरं. धोंडिबा ही जमीन अर्धेलीने, म्हणजे निम्मं पीक मालकाला देऊन, करत असे. राबालाही वरकसच लागे. शिमग्यानंतर, भाताचं रोप टाकण्याआधी, त्या जागी झाडाच्या फांद्या अंथरतात, वर गवत, त्यावर बारीक माती, आणि मग ते सगळं पेटवून देतात. त्याला राब म्हणतात. जमीन भाजली की तण मरतं आणि रोप जोमाने येतं. मुस्यूंनी होकार दिला तर पुढच्या वर्षी सगळ्या उतारावर द्राक्षं लागणार होती. म्हणजे नाचणी नाही, राबाच्या फांद्या नाहीत, धोंडिबाही नाही. त्याला हे ठाऊक होतं. म्हणून मुस्यूंनी माती गिळायच्या आधीच त्याने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि निकालाची वाट पाहत उभा राहिला.

दुभाष्याचं काम माझ्याकडे होतं. रावसाहेबांचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं होतं. पण कापूरहोळहून बैलांच्या दमणीत बसल्यावर मुस्यूंनी "अजून किती लांब?" असं विचारलं, तेव्हा गाडीवान म्हणाला होता, "लई." रावसाहेबांनी त्याचं भाषांतर "हे काय, आलंच" असं केलं. त्यानंतर बराच वेळ काहीच आलं नाही. तेव्हापासून मुस्यू प्रश्न विचारून माझ्याकडे बघत.

मुस्यूंनी चूळ भरली आणि मान हलवली. "चुना नाही."

त्यांनी समजावून सांगितलं. बर्गंडीची जमीन म्हणजे जुना समुद्रतळ. चुनखडी आणि चिकणमाती. उत्तरेला शाब्ली नावाचा भाग आहे, तिथे मातीत शिंपले सापडतात. तिथली पांढरी वाइन कडक आणि कोरडी. काळ्या द्राक्षाला पिनो न्वार म्हणतात. साल पातळ, स्वभाव नाजूक. थंडी वाढली की रुसतं, ऊन वाढलं की रुसतं. पांढऱ्याचं नाव शार्दोने. ते त्यामानाने समजूतदार.

"पहिलं आमच्या थोरल्या जावयावानी दिसतंय," धोंडिबा म्हणाला. "पर अडलंय कशापायी?"

"जमिनीत चुना नाही म्हणतात."

"हात्तिच्या!" धोंडिबाने कमरेची चंची सोडली, चुन्याची डबी काढली आणि मुस्यूंच्या हातावर ठेवली. "घ्या. लागंल तेवढा घ्या."

मुस्यूंनी डबी उघडली, वास घेतला आणि बोट बुडवून तेही चाखलं. डोळ्यांतून पाणी आलं. धोंडिबाने त्यांना पान जमवून दिलं. रावसाहेब दुसरीकडे पाहू लागले.

पान रंगल्यावर मुस्यूंनी पुढचा प्रश्न विचारला. "पाऊस किती?"

"मध्यम," रावसाहेब म्हणाले.

मुस्यूंनी माझ्याकडे पाहिलं. मी धोंडिबाला विचारलं.

"पडतो की. एकदा लागला म्हंजी समोरचं घर आषाढात जातं ते भादव्यात दिसतं. औंदा त्यांच्या घरात बाळ झालेलं आमाला गणपतीला कळलं."

मी शब्दशः सांगितलं. मुस्यूंनी डोंगराकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं आणि हॅट काढून पुन्हा घातली.

"पण उतार बघा!" रावसाहेबांचा आवाज चढला. "तुमच्याकडेही उतारच महत्त्वाचा ना?"

ते खरं होतं. बर्गंडीत उताराच्या मधल्या पट्ट्याची वाइन सर्वांत चांगली मानतात. अगदी वर माती पातळ, अगदी खाली पाणी साचतं. प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र नाव असतं. मालक एक, द्राक्ष एक, मध्ये फक्त एक बुटकी भिंत. तरी अलीकडची वाइन राजाच्या टेबलावर जाते आणि पलीकडची गाडीवान पितो.

हे ऐकून धोंडिबा एकदम खूश झाला. "आमच्यातबी तेच की! ह्यो बघा बांध. अल्याड आमची चिंचोटी, म्हंजी ह्ये खाचार. आंबेमोहोर असा येतो, का शिजला की वास वेशीपातूर जातो. पल्याड आमचा चुलता रखमाजी. त्येचा भात म्हैसबी हुंगून सोडती."

बांधापलीकडून आवाज आला. "धोंड्या, म्या ऐकतोय!"

"ऐका की, तात्या. सायबास्नी खरं सांगाया नको?"

मुस्यूंनी हे भाषांतर दोनदा करून घेतलं. त्यांच्याही गावात दोन सख्खे भाऊ एका भिंतीवरून एकमेकांशी बोलत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. मग ते बांधावर चढले आणि रखमाजीच्या बाजूचीही माती चाखली. तोंड वाकडं केलं. धोंडिबाने हात जोडले.

"आता कलमं पाहू," रावसाहेब घाईने म्हणाले. "मातीचं नंतर ठरवू."

पहिल्या प्रयोगापुरत्या द्राक्षाच्या काड्या मुस्यूंच्याच ओळखीने फ्रान्सहून बोटीने आल्या होत्या. हिवाळ्यात छाटलेल्या, पान ना कोंब, दिसायला सुकं सरपण. लावणीपर्यंत अशा काड्या ओल टिकावी म्हणून मातीखाली आडव्या निजवून ठेवतात. रावसाहेबांनी भारे गाडीत घालून पासलीला पाठवले होते आणि गाडीवानाबरोबर निरोप दिला होता. काड्या वरच्या खाचरात आडव्या अंथरा. वर गवत टाका. त्यावर बारीक माती पसरा.

शिमगा होऊन गेला होता.

"निरोप पोचला ना, धोंडिबा?"

"पोचला म्हंजी? जसंच्या तसं केलं. काड्या आंथरल्या, गवात टाकलं, माती लोटली." धोंडिबाची छाती फुगली होती. "आन परवा वारं पडल्यालं बघून पेटिवलं. रावसाहेब, आसा राब आमच्या बापजाद्यांत कुनी भाजला नसंल. धूर सुदिक गोड."

आम्ही वर पोचलो. खाचर एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत सारखं काळंभोर भाजलं होतं. एकही काडी राहिली नव्हती. कामात कसूर काढायला जागा नव्हती.

रावसाहेब मटकन बांधावर बसले.

"काय झालं?" धोंडिबाने मला हळूच विचारलं. "कमी भाजलंय व्हय?"

"ती सरपणाची लाकडं नव्हती. द्राक्षाची कलमं होती. लावायची होती."

धोंडिबाचा चेहरा उतरला. "मग आंथरा, झाका, आसं कशापायी सांगितलं? त्ये तर राबाचंच झालं की. आमाला वाटलं, मालकांनी एवढ्या लांबनं फाटी धाडली. ती बी एका मापात कापून. घरात आमी मालकांच्या नावानं निवद दाखिवला."

आता या चुकीपायीच वरकस जाणार, हे धोंडिबाला त्या क्षणी कळून चुकलं असावं. त्याने पागोटं काढून हातात घेतलं.

मुस्यू मात्र राखेत उतरले. वाकले, मूठभर राख हातात घेऊन हुंगली. सवयीप्रमाणे थोडी चाखलीही. मग मोठ्याने हसू लागले.

"माझ्या घरचा वास," ते म्हणाले. "आम्ही हिवाळ्यात वेली छाटतो आणि छाट मळ्यातच जाळतो. हातगाडीच्या चाकांवर शेगडी ठेवून ओळीओळीने फिरवतो. माझे वडील त्यात बटाटे भाजायचे." मग ते रावसाहेबांच्या शेजारी बसले. "मित्रा, चुना नाही, थंडी नाही आणि पाऊस तर समोरचं घर नेतो. ही कलमं तुमच्या गणपतीपर्यंत बुरशीने मेली असती. या माणसाने त्यांचा जो उपयोग केला, त्याहून चांगला मला सुचत नाही. इथे भात लावा."

मी सांगितलं. धोंडिबाने फक्त शेवटचं वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. मग पागोटं डोक्यावर ठेवलं आणि बटाटे आणायला घराकडे पळाला. बटाटे मिळाले नाहीत. रताळी आणली.

बातमी मी लिहिली. संपादकांनी निम्मी कापली. 'पासली येथे राबाचा प्रयोग. परदेशी काष्ठाचा उपयोग', असं हेडिंग शेतीच्या कॉलमात आलं. पेयाचा उल्लेख नव्हता. संपादक समाधानी होते.

त्या खाचरातला आंबेमोहोर उत्तम आला. रावसाहेबांनी भोरला मला जेवायला बोलावलं. दोन वाढी वेगवेगळ्या ताटांत होत्या. "हा बांधाच्या अलीकडचा, हा रखमाजीचा. आधी वास घ्या. मग घास. लगेच गिळू नका." त्यांना अलीकडच्या भातात पिनो न्वारची छटा लागत असे. मला तूप लागलं.

वरकस धोंडिबाकडेच राहिलं. भाताला गिऱ्हाईक आलं की तो आधी चिमूटभर माती तोंडात टाकी, डोळे मिटून उभा राही आणि मग भाव सांगे. रखमाजीनेही करून पाहिलं. त्याला ठसका लागला.

बातमीदाराला पहिल्या दिवशी शिकवतात, की बातमीत काय, कुठे, केव्हा, कसं आणि कशासाठी, हे सगळं असावं. जागा कमी पडली तर 'कशासाठी' कापतात. रावसाहेबांच्या निरोपातही तेवढंच सांगायचं राहिलं होतं. बाकी सगळं तंतोतंत पाळलं गेलं.