विमानाच्या नाकातले दात

काकांच्या लढाऊ विमानाच्या नाकात मी एका जिवंत माणसाचे तीन दात बसवले आणि वरून नाक चिकटवून टाकलं. हे वाचून तुमच्या तोंडून 'शी' निघालं असेल, तर तुमचं आणि काकांचं चांगलं जमेल.

काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. धंदा कवळ्या करण्याचा. दातांचे डॉक्टर लोकांच्या जबड्यांचे ठसे घेतात आणि पिशवीत घालून काकांकडे पाठवतात. त्यांवरून काका कवळ्या, कॅप, ब्रिज बनवतात. आणि या माणसाला जगात सगळ्यात जास्त किळस कशाची असेल, तर ती माणसाच्या तोंडाची! ठशाची पिशवी आली की ती दोन बोटांनी धरायची, मान दुसरीकडे वळवायची, जणू शेजाऱ्याचं शेंबडं पोर हातात दिलंय. मग ठसा नळाखाली, मग औषधाच्या पाण्यात आणि मग काका स्वतः कोपरापर्यंत नळाखाली. जेवायला ते भिंतीकडे तोंड करून बसतात.

"लग्नाला एवढी वर्षं झाली, पण यांनी मला जेवताना पाहिलेलं नाही," मावशी सांगते. "ही बाई जगते कशावर, असा प्रश्न पडत असेल त्यांना."

रस्त्यात ओळखीचं कुणी दिसलं तर काकांना नाव आठवत नाही. "तो बघ, वरचा पुढचा किडका," एवढं म्हणतात आणि रस्ता ओलांडतात. आमच्या शाळेत इतिहासाचे मास्तर बोलताना असे तुषार उडवायचे की पहिल्या बाकावरच्या पोरांचा भूगोलातला पाऊसही तिथेच शिकून व्हायचा. हे मी काकांना हौसेने सांगितलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

अशा माणसाला विमानांचा नाद लागला तर नवल कसलं? प्लास्टिकच्या विमानाचा खोका उघडला की आत राखाडी चौकटींना लटकलेले कोरे करकरीत तुकडे. "यातल्या एकालाही आजवर कुणाचं तोंड लागलेलं नाही," असं ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते, आणि तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी पुन्हा कधी पाहिलं नाही. विमानही कसलं, तर लढाऊच हवं. प्रवासी विमानात लोक खातात ना! लढाऊ विमानात एकटा माणूस, आणि त्याच्याही तोंडावर मास्क. अंगठ्याच्या नखाएवढा तो प्लास्टिकचा वैमानिक हा काकांच्या मते पृथ्वीवरचा एकमेव सभ्य गृहस्थ.

"पण काका, पुढे दोन्हीकडे ही एवढी मोठी भोकं आहेत ती?"

"हवा घ्यायची आहेत. ती चावत नाहीत."

खोलीत दोन टेबलं. भिंतीकडचं दातांचं, खिडकीकडचं विमानाचं. कानस दोन, चिमटे दोन, पुसायची फडकीसुद्धा वेगळी. या टेबलावरचं काही त्या टेबलावर जायचं नाही, हा घरातला सगळ्यात कडक कायदा. मी कुरिअरच्या ऑफिसात नोकरीला लागून मावशीकडे राहायला आलो, तेव्हा संडास कुठे आहे हे सांगायच्या आधी मला हा कायदा सांगण्यात आला.

तर त्या विमानाचं असं असतं की मागची बाजू जड. चाकांवर उभं केलं की शेपटीवर बसतं आणि नाक वर करून बघतं, बिस्किट मागणाऱ्या कुत्र्यासारखं. म्हणून नाक बंद करण्याआधी आत वजन घालावं लागतं. त्या दिवशी काका हात धुवायला गेले होते, म्हणजे तास गेलाच. मोरीतून ओरडले, "अरे, वाटीतलं शिसं नाकात घाल आणि दोन्ही अर्धे चिकटवून टाक! डिंक सढळ हाताने लाव!"

मी मित्राशी फोनवर बोलत होतो. फोन चार्जरला, चार्जर भिंतीच्या टेबलामागे. हाताशी एक स्टीलची वाटी आली. आत काळपट धातूचं काहीतरी होतं. शिशाच्या तीन गोळ्या एकमेकींना चिकटल्या असतील असं समजून मी त्या नाकात कोंबल्या. डिंक सढळ हाताने लावला.

नंतर काकांनी सांध्यावर पुट्टी भरली, पाण्यातला पॉलिश कागद फिरवला, रंगाचे हात मारले, पत्र्यांचे जोड दाखवणाऱ्या बारीक रेघांत काळा रंग उतरवला. विमान असं झालं की हात लावायला भीती वाटावी. ग्रंथालयाच्या हॉलमध्ये हौशी लोकांच्या मॉडेलांचं प्रदर्शन भरायचं होतं. लोक वाकून बघतात, श्वास सोडतात म्हणून काका दरवर्षी टाळायचे. यंदा हो म्हणाले. विमानापुढे ठेवायची चिठ्ठी मी लिहीत होतो.

"नावाखाली काय लिहू? कवळीवाले?"

"खबरदार! 'विमानं बनवतात' एवढंच लिही. एक दिवस, फक्त एक दिवस मला दातांशिवाय जगू दे."

प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी दलाल आला. जागा विकतो, घरं विकतो, आणि बोलताना वरचा ओठ बोटाने उचलून समोरच्याला हिरडी दाखवतो. त्याचा धातूचा ब्रिज, म्हणजे एकत्र जोडलेले तीन खोटे दात, निसटला होता, तो काकांकडे साफ करायला ठेवलेला.

"झाला का आमचा माल?" त्याने मावशीने दिलेलं बिस्किट तोंडात टाकलं. निम्मं त्या खिंडीतून बाहेर आलं आणि टेबलावर पडलं. काकांनी डोळे मिटले.

भिंतीच्या टेबलावरची वाटी रिकामी होती. आम्ही टेबलाखाली, कपाटामागे, केराच्या डब्यात शोधलं. खिडकीच्या टेबलावर दुसरी वाटी दिसली. तिच्यात शिशाच्या गोळ्या जशाच्या तशा, एकमेकींपासून अगदी सुट्या. माझ्या पोटात गोळा आला, तो मात्र एकच होता.

मी काकांना स्वयंपाकघरात नेलं आणि सांगितलं. शोधाशोधीत धक्का लागू नये म्हणून उचललेलं विमान त्यांच्या हातात होतं. जळता निखारा ठेवावा तसं त्यांनी ते ओट्यावर ठेवलं आणि नळ सोडला.

जाता जाता बाहेरून दलाल ओरडला, "नसेल सापडत तर असू द्या हो! नवीन करा सावकाश! मी आपला या बाजूने चावतो!"

"झालं तर मग," मी कुजबुजलो. "काका, नवीनच करून द्या. कुणाला कळणार आहे?"

"अहो, खरंच," मावशी म्हणाली. "उद्या प्रदर्शन आहे. एवढी मेहनत घेतलीत."

काका हात धूतच होते. "म्हणजे ते आतच राहणार?"

"हो."

"कायमचे?"

"कोण बघतंय?"

"त्या दातांनी त्याने काय काय चावलंय तुला ठाऊक नाही. मी साफ करायला घेतले तेव्हा पाहिलंय. मला ठाऊक आहे." आणि त्यांनी पुन्हा साबण हातावर घेतला. "ते सुद्धा त्या मास्कवाल्याच्या पुढ्यात!"

मग नळ बंद करून ते भिंतीच्या टेबलाकडे गेले. प्लास्टर कापायची बारीक करवत घेतली आणि ती घेऊन खिडकीच्या टेबलाशी आले. कायदा त्यांनीच मोडला. हातात मोजे, नाकावर रुमाल, मान वळवलेली. करवतीचा आवाज येत होता आणि राखाडी भुगा पडत होता. मावशी बघवेना म्हणून आत गेली. मला बघावं लागलं, कारण ओट्यावरचं विमान मीच आणून धरलं होतं.

नाक सुटलं. आत डिंकाच्या पिवळट गोळ्यात बसलेले तीन दात आमच्याकडे बघून हसत होते.

ते सोडवताना नाकाचे तुकडे झाले. दात उकळून, घासून, चमकवून काकांनी संध्याकाळी दलालाला बोलावून दिले. त्याने तिथेच बसवले, जीभ फिरवली. "वास कसला येतोय? नव्या कपाटात तोंड घातल्यासारखं वाटतंय."

"विमानात होते," काका म्हणाले.

दलाल असा खदखदून हसला की काकांना चेहरा पुसावा लागला.

दुसऱ्या दिवशी काका बिननाकाचं विमान घेऊन गेले. मला वाटलं होतं जाणार नाहीत. वजनच नाही म्हटल्यावर ते शेपटीवर बसायला लागलं, म्हणून खाली मावशीची पेन्सिल मोडून तिचा तुकडा टेकू दिला. सकाळभर आमच्या टेबलाकडे कुणी फिरकलं नाही. काका खूश होते. चिठ्ठी सरळ करत होते, पुन्हा सरळ करत होते. दुपारी एका बाईने विचारलं, "दुरुस्तीला काढलंय का?" काका म्हणाले, "हो, नाक उघडून आतली यंत्रं तपासतात." ती मान डोलावत गेली. विमानाबद्दल त्यांच्याशी कुणी एवढं बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

मग दलाल आला. एकटा नाही, मित्रमंडळ घेऊन.

"हेच ते! माझे दात यात होते! हे बघा दात, आणि हे बघा भोक!" त्याने ओठ उचलला. हॉलमधली सगळी गर्दी आमच्याकडे वळली. जहाजं, रेल्वे इंजिनं, किल्ले सगळे ओस पडले. प्रत्येकाला आधी भोक बघायचं होतं आणि मग ओठ.

गर्दीतून एक आजोबा पुढे आले. "म्हणजे तुम्हीच ते कवळीवाले? बरं झालं भेटलात. माझी खालची फार हलते हो." आणि बघता बघता त्यांनी ती काढली आणि ओलीच, विमानाच्या पंखाशेजारी ठेवली.

काकांनी चिठ्ठीकडे पाहिलं. मास्कवाल्याकडे पाहिलं. मग मान वळवून दोन बोटांनी कवळी उचलली आणि आजोबांच्या हातात दिली. "उद्या घरी या. इथे नको."

घरी येताना ते एकदाच बोलले. "नाक कधी देतोस?"

तेव्हापासून एक नाक माझ्या अंगावर आहे. काकांनी मेण आणि प्लास्टर दिलंय, ठसा कसा घ्यायचा तेही शिकवलंय, लांबूनच. मी आजवर बरीच नाकं केली. काल केलेलं त्यांनी उजेडात धरून फिरवून पाहिलं.

"शी! हे नाक आहे की अक्कलदाढ?"

विमान कपाटात आहे. पुढच्या भोकाला काकांनी स्वच्छ पांढरा कापूस लावलाय. मावशी येता-जाता मला ऐकवते, "नाक देशील तेव्हा देशील, निदान माझी पेन्सिल तरी सुटू दे."