शहाबादी

माझं माहेर शहाबादचं, पण ‘शहाबादी’ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो लग्न होऊन कमलनगरला आल्यावर. निजामाचं राज्य जाऊन दोनेक वर्षं झाली होती. सासरचं कापडाचं दुकान होतं आणि मागच्या घरात ओसरीपासून चुलीपर्यंत शहाबादी फरशी घातलेली. गल्लीत बाकी सगळ्यांकडं सारवलेली जमीन. त्यामुळं सासूबाईंना तिचं भारी कौतुक. दिवसातून दोनदा पुसायची, आणि ते काम माझं. काळ्या रानातला चिखल पायापायानं आत यायचा. सहा महिन्यांत गुडघ्यांना घट्टे पडले.

शेजारच्या बायका मलाच शहाबादी म्हणू लागल्या. शहाबादी कुठं हाय, असं कुणी विचारलं की सासूबाई आधी जमिनीकडं बोट दाखवायच्या, मग माझ्याकडं. मला हसू यायचं नाही आणि रागही यायचा नाही. वाकून वाकून पाठ गेलेली असायची.

दुसऱ्या वर्षी वडील भेटायला आले. मला सातवा महिना होता. आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच ठरलेलं. वडील जन्मभर शहाबादच्या खाणीत पहारीनं दगडाचे थर सोडवायचे. ती धूळ छातीत बसली होती. खोकल्यानं लांब वाक्य पुरं होत नव्हतं. सासूबाईंनी घोंगडी अंथरली, चहा दिला आणि विचारलं, गावावरून फरशीला नाव पडलं की फरशीवरून गावाला?

“गाव कुण्या शहाचं म्हणत्यात, अक्का. खरंखोटं ठाव न्हाई,” वडील म्हणाले. “आमी तिला नुसती फरशीच म्हणताव. शहाबादी म्हणत्यात ती भायेरची लोकं.”

संध्याकाळी मी बादली घेऊन गुडघ्यांवर बसले. वडील थोडा वेळ बघत राहिले, मग उठले, माझ्या हातातलं फडकं घेतलं आणि स्वतःच पुसू लागले. लेकीच्या सासरी बापानं असं वाकावं, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्यांचा हात धरला.

“जलमभर ही उचलली,” ते म्हणाले. “पुसायला काय जड न्हाई. तू बस.”

सासूबाई चुलीपुढून उठून आल्या. त्यांचा चेहरा उतरला. “पाव्हणं, हे कामून करायलाव?” एवढंच बोलून त्यांनी फडकं काढून घेतलं आणि उरलेली ओसरी स्वतः पुसली. बाळंतपण होईपर्यंत मला त्यांनी वाकू दिलं नाही.

वडील तीन दिवसांनी गेले आणि पुन्हा खाणीत उतरले. मला मुलगी झाली त्याच महिन्यात ते वारले. बाळंतीण म्हणून मला जाता आलं नाही.

पुढं पुसण्याचं काम आम्ही वाटून घेतलं. सासूबाई चुलीकडून सुरुवात करायच्या, मी ओसरीकडून. मधल्या खोलीत गाठ पडली की दोघी भिंतीला टेकून जरा बसायचो.