बरा झालेला मुलगा

माझा मुलगा तान्हा होता तेव्हा गल्लीतल्या सगळ्या बायकांना त्याचं कौतुक. जामखेडला सासरच्या घरी मी शिवणकाम करायचे. मशीन दिवसभर खडखडायचं आणि हा मशीनच्या पायाशी गोधडीवर गाढ झोपलेला असायचा. ब्लाऊज न्यायला आलेली बाई वाकून बघायची आणि म्हणायची, "किती गुणाचं लेकरू गं!" सासूबाई अभिमानानं सांगायच्या, "रडनं ठाऊकच न्हाई त्याला. प्रार्थनेचं पोर हाय."

मग एकदा माझ्या हातून परात पडली. त्याच्याहून तीन वर्षांनी मोठी असलेली माझी मुलगी दचकून किंचाळली. तो पाठमोरा बसून वाटीशी खेळत होता, तो खेळतच राहिला. मी परात उचलून मुद्दाम पुन्हा आपटली. मुलगी कान दाबून रडायला लागली. तो वळला नाही.

नगरला तपासण्या झाल्या. दोन्ही कान अधू निघाले. डॉक्टरांनी कानामागे बसणारी मशीनं दिली आणि बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे पाठवलं. बाई कडक होत्या. "झोप आणि अंघोळ सोडली तर मशीन कानातच पाहिजे. ऐकल्याशिवाय तो बोलणार नाही, आणि हे वय परत येत नाही," असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं. नवरा एसटीत ड्रायव्हर, त्यांना सुट्टी मिळायची नाही. मीच त्याला घेऊन नगरच्या फेऱ्या मारायचे. घरी असले की त्याला कडेवर घेऊन फिरायचे आणि दिसेल त्या वस्तूचं नाव कानाशी सांगायचे. तवा. पाणी. चप्पल. कोंबडी.

तो तीन वर्षांचा होता तेव्हा एका दुपारी शाळेतून आलेल्या बहिणीला बघून म्हणाला, "आ-ई." मी हातातली कात्री टाकून धावले. मुलगी म्हणाली, "मला म्हणाला तो! ताई म्हणाला! त्याला 'त' ऐकू येत नाही, म्हणून ताईचं आई होतंय." आम्ही दोघी त्यावरून खरंच भांडलो आणि मग हसत सुटलो. तोही हसत होता. सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्या हसल्या नाहीत.

त्यांचं दुःख वेगळं होतं. तरुणपणीच विधवा झालेली बाई. मिशनच्या बोर्डिंगात भाकरी थापून मुलं वाढवली. चर्चच्या मंडळीतल्या स्त्रियांच्या सभेत त्या पुढं असायच्या. कोणाचं मूल तापलं की लोक आधी त्यांना बोलवायचे, मग डॉक्टरला. अशा बाईच्या घरात बहिरं नातवंड. एका रविवारी उपासनेनंतर कोणीतरी त्यांना तोंडावर विचारलं, "बाई, तुमच्याच घरात असं कसं झालं हो?" त्या दिवसापासून त्या त्याच्या कानातल्या मशीनकडे बघेनाशा झाल्या. बघितलंच तर एखाद्या डागाकडे बघावं तसं.

नगरच्या बाहेर एका मैदानावर आरोग्यासाठी प्रार्थनेची सभा होती. बाहेरगावचे कोणी प्रचारक येणार होते, ब्रदर म्हणायचे त्यांना. सासूबाईंनी ठरवलं, नातवाला न्यायचं. माझ्या मनात नव्हतं. नवरा म्हणाला, "प्रार्थनेनं काय वाईट होणार आहे?" म्हणून आम्ही सगळेच गेलो.

फळ्यांचं मोठं स्टेज होतं. सासूबाई त्याला घेऊन वर चढल्या. ब्रदरनी त्याची दोन्ही मशीनं काढून त्यांच्या हातात दिली, त्याच्या कानांत बोटं घालून मोठमोठ्यानं प्रार्थना केली, मग त्याच्यामागे जाऊन जोरात टाळी वाजवली. टाळी वाजवताना पायही आपटला. फळी हादरली आणि मुलगा वळला.

सगळं मैदान ओरडलं. लोक उभे राहून रडत होते. मी पुढं जाऊन स्टेजच्या कडेशी ओरडले, "फळी हलली म्हणून वळला तो!" कोणाला ऐकू जाणार? ब्रदर माईकवर सांगत होते की आता ही मशीनं घातली तर तो अविश्वास होईल. मुलगा एवढ्या लोकांची उघडी तोंडं बघून घाबरला होता आणि मला शोधत होता.

घरी आल्यावर सासूबाईंनी मशीनं आपल्या पत्र्याच्या पेटीत टाकली आणि कुलूप लावलं.

"आई, मशीनं द्या," मी म्हटलं. "तो बोलायला लागलाय. असं मधेच थांबवता येत नाही."

"देवानं दिलेलं तुला दिसंना व्हय? मशीन घातलंस आन् त्याचं ऐकणं परत गेलं, तर ते पाप तुझ्या माथ्यावर."

नवऱ्याकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत म्हणाले, "थोडे दिवस जाऊ दे. आईचं मन राहू दे." मी रोज मागत राहिले, त्या रोज तेच सांगत राहिल्या, आणि किल्ली त्यांच्या कमरेला.

पुढचे महिने माझ्या मुलाला बरा झालेला मुलगा म्हणून जगावं लागलं. मंडळीतले लोक त्याला बघायला यायचे. येणारा प्रत्येक जण त्याच्या पाठीमागे जाऊन हाक मारून बघायचा. गल्लीतल्या पोरांना तर खेळच मिळाला. चोरपावलांनी त्याच्यामागे जायचं, ताटलीवर चमचा बडवायचा, तो वळला नाही की पोट धरून हसायचं. ती पोरं हसतात म्हणून तोही हसायचा.

सासूबाई आधी म्हणायच्या, सैतान परीक्षा घेतोय. मग त्यांचा धीर सुटला. हाक मारली आणि तो आला नाही की कान पिरगळायच्या. "येतंय तुला ऐकू. चार लोकांत माझी फजिती करतो व्हय?" पुढं पुढं हातही उठायला लागला. मी मधे पडले की त्या ओरडायच्या, तूच त्याला शिकवतेस. मार कुठून येईल ते त्याला कळायचं नाही, म्हणून तो सारखा मान वळवून मागं बघायला लागला. खाताना, खेळताना, चड्डीची नाडी बांधून घेतानासुद्धा. सासूबाई आल्यागेल्याला दाखवायच्या, "बघा, कसा वळतोय. बारीक आवाज बी ऐकू येतो त्याला."

आणि "आ-ई" बंद झालं. आधी ओठ हलायचे, मग तेही थांबले.

सगळ्यात वाईट वेळ जेवणाआधीची. आमच्या घरी ताटं वाढली की सगळ्यांनी डोळे मिटायचे आणि सासूबाई प्रार्थना करायच्या. मिटलेल्या डोळ्यांनी त्याला प्रार्थना कधी संपली ते कळणार कसं? म्हणून पहिल्यापासून मुलगी त्याच्या शेजारी बसायची आणि आमेन झालं की त्याच्या गुडघ्याला हात लावायची. तो डोळे उघडून हसायचा. सभेनंतर सासूबाईंनी ते बंद केलं. मुलीला समोर बसवलं. "ऐकू येतं त्याला आमेन. कुणी हात लावायचा न्हाई."

पहिल्या दिवशी आमेन झालं, सगळ्यांनी जेवायला घेतलं आणि तो डोळे घट्ट मिटून, हात जोडून बसून राहिला. मी उठून त्याला हात लावला. दुसऱ्या दिवशी त्यानं प्रार्थना चालू असतानाच हळूच एक डोळा उघडला, तर देवासमोर डोळे उघडले म्हणून पाठीत धपाटा बसला. उशिरा उघडले तरी चूक, लवकर उघडले तरी चूक. मी दोन्ही मुलांना आधीच जेवू घालायला लागले, तर त्या म्हणाल्या, या घरात प्रार्थनेविना घास कोणी खाणार नाही, आणि त्याच्या पुढ्यातलं ताट उचलून नेलं.

नाताळाच्या आधीच्या रविवारी पाळकसाहेबांनी उपासनेत विचारलं, कोणाला देवाच्या कृपेची साक्ष द्यायची आहे का? सासूबाई त्याला हाताला धरून पुढं गेल्या. देवानं याला कसं बरं केलं ते त्या सांगत असताना माझी मुलगी बाकावर उभी राहिली आणि म्हणाली, "त्याला ऐकू येत नाही. आजी त्याला मारते."

चर्चमधले सगळे वळून तिच्याकडे बघायला लागले. मला वाटलं, आता तरी कोणी विचारेल. पाळकसाहेबांनी घसा साफ केला आणि पुढचं गीत घ्यायला सांगितलं. बाहेर पडताना एक बाई मला म्हणाली, "लेकीला जरा वळण लावा. सात वर्षांची पोर वडीलधाऱ्यांची अशी अब्रू घेते?" मुलगी माझ्या पदराआड उभी होती. तिनं ते ऐकलं.

त्या दिवशी दुपारी जेवायला बसलो. सासूबाईंनी प्रार्थना सुरू केली आणि थांबवलीच नाही. अन्नासाठी, मग आजाऱ्यांसाठी, मग घरात शिरलेल्या खोट्या जिभेसाठी. रस्सा गार झाला. अखेर आमेन झालं. मुलगा डोळे मिटून बसलेला. मी उठायच्या आत मुलगी ताट ओलांडून गेली आणि तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. सासूबाईंनी तिच्या तोंडावर अशी चपराक मारली की ती कालवणाच्या पातेल्यावर पडली. मुलानं डोळे उघडले. त्याला दिसलं ते एवढंच, की ताई पडली आहे आणि तिच्या ओठातून रक्त येतंय. त्यानं दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि तो कोपऱ्यात सरकला.

मी स्वयंपाकघरातला वरवंटा उचलला. नवरा दचकून उठले, त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक. मी आतल्या खोलीत गेले आणि पेटीचं कुलूप वरवंट्यानं फोडलं. नव्या लुगड्याखाली रुमालात दोन्ही मशीनं होती. आतले सेल पाझरून हिरवट बुरशीसारखं काहीतरी जमलं होतं. एकही चालू झालं नाही.

"तुझ्या अविश्वासानं आज त्याचं ऐकणं गेलं," सासूबाई दारातून म्हणाल्या.

नवऱ्यानं दोन्ही मशीनं हातात घेऊन उलटसुलट बघितली. मग त्यांनी मुलीला उचललं आणि नळाखाली तिचं तोंड धुतलं. नगरला बदली मागा, असं मला त्यांना सांगावं लागलं नाही; आम्ही चौघं तिकडे राहायला गेलो.

नवीन मशीनं मिळेपर्यंत उन्हाळा आला. बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी त्याला तपासलं आणि माझ्यावर चिडल्या, "मागं होता त्याच्याही मागं गेलाय हा." पुन्हा तवा, पाणी, चप्पलपासून सुरुवात केली. आता तो नऊ वर्षांचा आहे. बोलतो, पण अनोळखी माणसाला समजायला वेळ लागतो. वर्गात एकटा असला की अजून मान वळवून मागं बघतो, असं त्याचे सर सांगतात.

यंदा ईस्टरला नवरा त्याला घेऊन जामखेडला निघाले, म्हणून मीही गेले. सासूबाई थकल्या आहेत. घरी पाहुणे होते. त्यांनी नातवाला जवळ घेतलं, मुका घेतला आणि एवढ्या उन्हात त्याच्या डोक्याला, दोन्ही कानांवरून, मफलर गुंडाळला. मग पाहुण्यांना म्हणाल्या, "हाच तो. देवानं बरा केलेला." त्यांचा हात मुलाच्या डोक्यावरून फिरत होता आणि तो हात खरोखर मायेचा होता. मी मफलर सोडला. पाहुण्यांनी मशीनं बघितली आणि चहाचे कप उचलले.

परतीच्या एसटीत मुलानं विचारलं, "आई, मी आजारी होतो?"

"नाही."

"मग बरा कशातून झालो?"

त्याचे वडील खिडकीबाहेर बघत होते. मी म्हटलं, "कशातूनच नाही. तू आहेस तसाच आहेस." त्यानं माझ्या ओठांकडे नीट बघून ते समजून घेतलं आणि मान हलवली.

मुलगी आमच्याबरोबर आली नव्हती. ती येत नाही आणि आम्ही आग्रह करत नाही. सासूबाईंनी आपल्या जावयांची, लेकींच्या मुलांची, माझ्या राहात्याच्या माहेराचीसुद्धा चौकशी केली. तिची केली नाही. निघताना सगळ्यांसाठी करंज्यांचा डबा भरून दिला, तेव्हा नवरा म्हणाले, "आई, पोरीसाठी दोन जास्त घाल." त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि त्या आत निघून गेल्या.